गप्प बसलं की करार रिन्यू? हे कुणी ठरवलं

आमच्याकडं जुळे सोलापुरात गेल्या महिन्याभरापासून एकच भांडण चाललंय आणि ते इतकं वाईट चाललंय की शेवटी लिहायलाच बसलो. विषय तसा साधा आहे. भाड्याच्या घराच्या ॲग्रीमेंटमध्ये हल्ली एक कलम सर्रास असतं, की मुदत संपायच्या साठ दिवस आधी कुणी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढच्या अकरा महिन्यांसाठी रिन्यू झाला असं समजण्यात येईल, भाडं दहा टक्क्यांनी वाढेल आणि मधेच घर सोडलं तर डिपॉझिट जप्त. एवढंच. पण यावर कुणी तोंड उघडलं की पाच मिनिटांत गाडी ठरलेल्या दोन स्टेशनांवर जाऊन उभी राहते, एक म्हणजे 'घरमालक सगळे लुटारू' आणि दुसरं 'भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही'. कलमाबद्दल कुणीच बोलत नाही. परवा तर एकानं सरळ विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे ते आधी सांगा. मी स्वतः अकरा वर्षं भाड्यानं राहिलोय आणि आता वरचा मजला भाड्यानं देतोय, म्हणजे दोन्ही बाजूचा आहे किंवा दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला आहे म्हणा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. करार पुढं चालू राहायला माझी काही हरकत नाही, राहावाच. पण माणूस गप्प बसला याचा अर्थ त्यानं होकार दिला असं धरून त्याला पुढच्या अकरा महिन्यांसाठी बांधून घालायचं, हे चूक आहे, आणि या कलमानं भाडेकरूचं जेवढं नुकसान होतं तेवढंच घरमालकाचंही होतं, फक्त मालकांना ते अजून कळलेलं नाही.

आता माझ्या भाच्याचंच बघा. सरकारी नोकरी, जून महिन्यात इथं बदलून आला, १५ जूनपासून ॲग्रीमेंट, नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट. अकरा महिने म्हणजे १४ मे ला मुदत संपणार. साठ दिवस आधी म्हणजे १५ मार्च. आता सांगा, १५ मार्चला त्याला काय माहीत असणार? सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा राज्याचा २००५ चा कायदा आहे, त्यात सर्वसाधारण बदल्या वर्षातनं एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असं म्हटलंय. म्हणजे ऑर्डर यायची एप्रिल-मेमध्ये आणि घर सोडतो म्हणून लेखी सांगायची शेवटची तारीख मार्चमध्ये. बरं नोकरीचं सोडा, सोलापुरात घर चांगलं की वाईट हे कळतं कधी? उन्हाळ्यात. ज्या गावात उजनी भरलेली असताना सुद्धा वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलं, तिथं ऑगस्टमध्ये बघितलेलं घर आणि एप्रिलमध्ये बघितलेलं घर ही दोन वेगळी घरं असतात. बोअर आटते, टाकी पुरत नाही, टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावरनं जिन्यात भांडणं होतात, स्लॅब रात्री अकरापर्यंत भाजतो. हे सगळं कळायच्या आधीच पुढच्या वर्षाचा निर्णय झालेला असतो, आणि तो पण भाडेकरूनं घेतलेला नसतो, कॅलेंडरनं घेतलेला असतो. भाच्यानं संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेल्यावर मालकांना तोंडी सांगितलं होतं की बदली होईल बहुतेक, ते म्हणाले बघू की. मेमध्ये ऑर्डर आली, हा गेला सांगायला, तर समोर ॲग्रीमेंटची झेरॉक्स आणि सतराव्या कलमावर पिवळा हायलायटर. लेखी कुठाय? शेवटी मध्यस्थ घालून तीस हजारातले बारा हजार परत मिळाले आणि वर 'संबंध आहेत म्हणून देतोय' हे ऐकून घ्यावं लागलं.

हे ऐकल्यावर भाडेकरू पार्टी खूश होईल, पण थांबा, दुसरी गोष्ट ऐका. साखर पेठेत आमच्या ओळखीच्या एक अक्का आहेत. तीस वर्षं विड्या वळल्या, नवऱ्याच्या मिलमधल्या पैशाला आपली भर घालून वर एक खोली-किचन काढलं, त्याचं भाडं हीच त्यांची पेन्शन. ॲग्रीमेंट करायला एजंट घरी आला, आता ते घरीच होतं, लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतात. मी तिथंच होतो. लॅपटॉप पलंगावर, मशीनचा लाल लाइट लागलेला, आणि अक्कांचा अंगठा काही लागेना. लागणार कसा, तीस वर्षं तेंदूपत्त्यावर घासून घासून रेघाच राहिल्या नाहीत. एकदा झालं, दोनदा झालं, मग हात धुवा, मग पुसा, मग खोबरेल लावा, मग दुसरं बोट. चौथ्या वेळी घेतलं एकदाचं मशीननं आणि सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला, चहा झाला, एजंट पैसे घेऊन गेला. त्या अर्ध्या तासात ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय हे कुणी वाचलं असेल तर शप्पथ. मी पण नाही, कबूल करतो. वर्षानं अक्कांचा पुण्याचा मुलगा काम सुटून परत यायला निघाला, खोली हवी होती, यांनी भाडेकरूला महिनाभर आधी सांगितलं, तर तो पठ्ठ्या म्हणतो, कलम वाचा अक्का, तुम्ही साठ दिवस आधी लेखी दिलेलं नाही, करार रिन्यू झालाय, मी अकरा महिने कुठं जात नसतो. अक्का मला म्हणाल्या, "मला काय कळतंय हो त्यातलं, तो म्हणला अंगठा लावा, लावला की." मुलगा पाच महिने बहिणीकडं राहिला.

कलम तेच, दोघांच्या ॲग्रीमेंटमध्ये शब्दाला शब्द तेच, स्पेलिंगची चूक सुद्धा तीच. म्हणजे हे मालकांच्या संघटनेनं बसून रचलेलं कारस्थान वगैरे काही नाहीये. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीनं आपल्या गेस्टहाऊससाठी कधीतरी बनवलेला मसुदा, तो एजंटाच्या पेनड्राइव्हमध्ये आला आणि तिथनं सगळ्या गावात पसरला. ज्याला तारखा पाठ असतात तो त्यातनं जिंकतो आणि ज्याला नसतात तो हरतो, मालक असो की भाडेकरू. मग या भांडणात आपण 'तुम्ही कुणाच्या बाजूचे' असं का विचारतोय?

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथंही दोन्हीकडनं फेकाफेकी चालते. पहिली गोष्ट म्हणजे ते अकरा महिन्यांचं गौडबंगाल. लोकांना वाटतं अकरा महिने ठेवले की रजिस्ट्रेशन लागत नाही. हे कधीकाळी खरं होतं, १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातनं पळवाट म्हणून हा अकराचा आकडा आला. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ती पळवाट बंद केलीय, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरू हक्क न देता ठरलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) असो की भाडेकरार, लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य, उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. आता हे आपोआप रिन्यू झालेले अकरा महिने घ्या. त्यांची नोंदणी झाली का? नाही. स्टॅम्प भरला का? स्टॅम्प तर पहिल्या मुदतीच्या रकमेवर भरलेला असतो. म्हणजे मालकाला वाटतं आपण भाडेकरूला बांधलं, आणि प्रत्यक्षात तो स्वतः नोंदणी नसलेल्या कागदावर उभा असतो.

आणि याच कायद्याचं कलम २४ मालकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे, लायसन्सची मुदत संपली की घर सोडायचं, नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची भरपाई दुप्पट दरानं. हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, मुदत संपली हे कागदावर स्वच्छ दिसलं पाहिजे. त्याच कागदावर तुम्ही खाली लिहून ठेवता की मुदत संपली तरी संपत नाही. मग समोरचा वकील काय करेल? अक्कांच्या भाडेकरूनं वकील न करताच केलं ते.

बरं आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, आणि त्यातले दमदार आधी घेतो. पहिला मुद्दा असा की यात गप्प बसण्याचा प्रश्नच कुठं येतो, तुम्ही सही केलीय ना? होकार तेव्हाच दिलाय, आता फक्त तो अंमलात येतोय. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे. कायद्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला १८६२ चा इंग्लंडमधला एक खटला शिकवतात, काकानं पुतण्याला घोड्याबद्दल पत्र लिहिलं की तुझ्याकडनं काही कळलं नाही तर घोडा तीस पाउंड पंधरा शिलिंगाला माझा झाला असं मी समजेन. पुतण्या गप्प. पुढं तो घोडा चुकून लिलावात विकला गेला आणि काका कोर्टात गेला, तर कोर्ट म्हणालं, गप्प बसणं म्हणजे स्वीकार होत नाही, काकाला पुतण्यावर अशी अट लादता येत नाही. आमच्या बाजूचे लोक हा खटला लगेच पुढं करतात. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तो इथं पूर्ण लागू पडत नाही, कारण त्या पुतण्यानं आधी कशावरही सही केलेली नव्हती आणि माझ्या भाच्यानं केली होती. म्हणून या काकाच्या घोड्यावर बसून फार लांब जाता येत नाही.

पण मग सही म्हणजे सगळं संपलं का? हा प्रश्न आपल्याकडं एकदा रक्त सांडेपर्यंत येऊन गेलाय आणि त्याचं उत्तर पण दिलं गेलंय, विसरलोय आपण. १८५९ मध्ये इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला, की कर्जाचं खत तीन वर्षांपर्यंतच चालेल. हेतू चांगला होता, वर्षानुवर्षं व्याज साचू नये. सावकारांनी काय केलं? तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलवायचं, जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज मिळून नवं मुद्दल, आणि नवं खत. अंगठा लाव. परत तीन वर्षांनी तेच. प्रत्येक खतावर अंगठा होता, प्रत्येक खत कायदेशीर होतं, आणि प्रत्येक खतानं माणूस अजून खोल गेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले तेव्हा त्यांना हवे होते ते हे कागद, खतं आणि वह्या काढून जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये जो दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला तो आधी चार जिल्ह्यांना लागू झाला, पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर. त्यात दोन गोष्टी होत्या. कोर्टाला खताच्या मागं जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायची मुभा मिळाली, आणि शेतकऱ्यानं करायचे दस्त गावपातळीवरच्या रजिस्ट्रारसमोर व्हायला पाहिजेत असं ठरलं, म्हणजे काय लिहिलंय ते त्याला निदान कळावं. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला, ते पण दंगा झाल्यावर, एवढं कळलं होतं की अंगठा आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

आता कुणी म्हणेल ही तुलना अती आहे, दोन खोल्या भाड्यानं देणारी अक्का आणि सुप्याचा सावकार एकच का? अजिबात नाही आणि मी तसं म्हणत पण नाहीये, अक्का तर उलट्या फसल्यात. तुलना माणसांची करत नाहीये, कागदाच्या युक्तीची करतोय. जुन्या कागदातनं नवा कागद काढायचा आणि मधे नवा विचार होऊ द्यायचा नाही, ही ती युक्ती. आणि वाचून सही करायची की, असं म्हणणाऱ्यांना एक विचारायचंय. आपलं गाव घरात तेलुगू, बाजारात मराठी, सासरी कन्नड आणि रिक्षात दखनी बोलणारं, आणि ॲग्रीमेंट कुठल्या भाषेत? यातल्या एकाही नाही. बारा पानं इंग्रजी, बारीक टाईप. मराठीत करार करायला कायद्यानं कुणी अडवलेलं नाही. अडवतो तो पेनड्राइव्ह.

दुसरा मुद्दा सोयीचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त पटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. लोक म्हणतात, दर अकरा महिन्यांनी परत एजंट, परत फी, परत धाकधूक, पोरांच्या शाळा चालू आहेत, आपोआप रिन्यू झालं तर भाडेकरूलाच बरं नाही का? बरंच आहे. भाड्यानं राहणाऱ्या बाईला विचारा, मे महिना जवळ आला की पोटात गोळा येतो, मालक जिन्यात दिसला की वाटतं आता सांगतो काय. ही भीती खोटी नाही. कलम २४ प्रमाणं तर मुदत उलटल्यावर नुसतं विसरून राहिलात तरी दुप्पट भरपाई मागं लागू शकते, म्हणजे 'गप्प बसलो की करार संपला' हा नियम सुद्धा काही फार मायाळू नाही. पण या भीतीवर औषध कुठलं? तुम्हाला स्थिरता पाहिजे ना, मग सरळ तीन वर्षांचं ॲग्रीमेंट करा की. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. खर्च बघा. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, अकरा महिन्यांना हजार आणि छत्तीस महिन्यांना पण हजारच. स्टॅम्प एकूण भाड्याच्या पाव टक्का, आठ हजार भाडं धरलं तर अकरा महिन्यांचे ८८,००० आणि त्याचा पाव टक्का २२० रुपये, छत्तीस महिन्यांचे २,८८,००० आणि पाव टक्का ७२० रुपये, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे काही रुपये वर धरा. म्हणजे छत्तीस महिन्यांना सतराशे-अठराशेत काम, आणि अकरा-अकराचे तीन केले तर नुसती नोंदणी फीच तीन हजार, आणि तेहेतीस महिनेच पदरात. भाडंवाढ दर वर्षी किती ते आत्ताच लिहा, आणि कुणालाही महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडता येईल असं लिहा. स्थिरता पण आली आणि बांधलेपण पण नाही. मग एजंट अकरा महिन्यांचंच का करायला सांगतो? त्याचा धंदा अकरा महिन्यांनी परत येण्यावर चालतो, दुसरं काय. त्याला दोष देत नाही, प्रत्येकाला पोट आहे, पण त्याच्या पोटासाठी आपण आपला कायदा समजून घ्यायचा नाही असं थोडंच आहे.

तिसरा मुद्दा मालकांच्या भीतीचा. भाडेकरू मंडळी यावर हसतात, हसू नका. या भीतीला तारीख आहे, १ फेब्रुवारी १९७३. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या दिवशी जे जे लायसन्सवर राहत होते ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. काल पाहुणा होता, आज काढता येत नाही. त्याच्याही आधी, १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली आणि कुळं मालक झाली, ती गोष्ट योग्यच होती असं माझं मत आहे, पण 'कूळ लागेल' ही धास्ती तेव्हापासनं शेतातनं शहरातल्या घरात शिरली ती शिरलीच. आजोबांनी तीस रुपयांनी दिलेली खोली नातवाला पण तीसच रुपये देते, अशी घरं पेठांमध्ये मी बघितलेली आहेत. मालक कागदावर शंभर कुलपं लावतो ते उगाच नाही. शिवाय भाडेकरू अचानक उठून गेला आणि घर दोन महिने रिकामं पडलं तर अक्कांसारखीला दोन महिने औषधं बंद. हे सगळं मान्य. पण मग मला सांगा, या दोन्ही भीतींवर आपोआप रिन्यू हे उत्तर कसं होतं? जो माणूस घरात कायमचा चिकटेल म्हणून घाबरतो त्यानंच 'न बोलता मुदत वाढेल' असं लिहून द्यायचं, याच्यासारखा विनोद नाही. आणि घर रिकामं पडायची भीती असेल तर महिन्याची नोटीस पुरते, महिन्यात सोलापुरात भाडेकरू मिळतो. न राहणाऱ्या माणसाचं अख्खं डिपॉझिट जप्त करायचं म्हणजे रिकाम्या घराची भरपाई राहत नाही, तो दंड होतो.

आणि रीतीचं म्हणाल तर आपली रीत काय आहे? आमचं मूळ गाव मोहोळ तालुक्यात, तिथं सालगड्याचं साल पाडव्याला संपायचं. व्यवहार काही बरोबरीचा नव्हता, उचल घेतलेला गडी कुठं जाणार, हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी सुद्धा पाडव्याला बोलणं व्हायचंच. मालक विचारायचा राहतोस का, गडी सांगायचा यंदा एवढी पोती ज्वारी, एवढे पैसे, दोन जोड कापडं आणि एक घोंगडं, मग घासाघीस, मग सुपारी. गडी गेल्या वर्षी होता म्हणून या वर्षी पण आहे असं कुणी धरून चालत नव्हतं. ज्या व्यवहाराला आपण मागासलेला म्हणतो त्यात वर्षातनं एकदा तोंडावर विचारायची पद्धत होती, आणि आपल्या अंगठ्याच्या मशीनवाल्या व्यवहारात नाही. डिपॉझिट तर मला उलटी उचलच वाटते. तिथं निदान मालक पैसे देऊन माणूस बांधायचा, इथं माणूस स्वतःच पैसे देतो आणि स्वतःच बांधला जातो.

बरं जुनं सोडा, आजचं बघा. मोबाईलवर सिनेमे बघायचं ॲप असतं, महिन्याला दीड-दोनशे रुपये आपोआप कापले जातात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला मेसेज गेला पाहिजे, आणि त्याला नको म्हणता आलं पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन फसवाफसवीचे तेरा प्रकार ठरवून बंद केले त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा हा एक स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे दीडशे रुपयांच्या सिनेमासाठी आधी विचारायचं, आणि लाखभर रुपयांच्या घरासाठी न विचारता धरून चालायचं? अमेरिकेत, जिथं करारस्वातंत्र्याचा एवढा गाजावाजा आहे, तिथं न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात सरळ लिहिलंय की भाडेकरारात आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर भाडेकरूनं नोटीस द्यायच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा ते तीस दिवस आधी मालकानं त्याला हाती किंवा रजिस्टर पोस्टानं लेखी कळवायचं की बाबा रे असं कलम आहे, बघ. नाही कळवलं तर ते कलम लागू होत नाही. तिथले घरमालक काही रस्त्यावर आलेले नाहीत.

आपल्याकडं हे व्हायला फार मोठं आंदोलन लागेल असं मला वाटत नाही. नियमात दोन ओळी पुरतात, की आठवण दिल्याशिवाय नूतनीकरणाचं कलम लागू होणार नाही, आणि आठवण न देता दोघं तसेच राहिले तर जुन्याच भाड्यानं महिना-महिना चालेल, महिन्याच्या नोटिशीवर कुणीही मोकळं, आणि तेवढ्यानं कायमचा भाडेकरू हक्क लागत नाही हे स्पष्ट लिहून, म्हणजे १९७३ ची भुतं झोपलेली राहतील. ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कागद आपल्याच हातात असतो, फक्त तो अंगठा लावायच्या आधी.

अक्कांची खोली आता परत भाड्यानं गेलीय, मुलाला दुसरीकडं काम मिळालं. नवी भाडेकरू सिव्हिलमध्ये नर्स आहे, मुलगी दहावीत. एजंट तोच. मी सतरावं कलम काढायला सांगितलं तर म्हणाला फॉरमॅट फिक्स आहे साहेब, काढता येत नाही. म्हटलं काढून तर बघा. त्यानं ते सिलेक्ट केलं, डिलीट दाबलं, गेलं. त्याच्या जागी अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तीन ओळी मराठीत लिहिल्या, मुदत चोवीस महिने, दुसऱ्या वर्षी पाचशे वाढ, सोडायचं किंवा सोडवायचं असेल तर तीस दिवस आधी लेखी, व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालेल. नर्सबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, तीसच्या जागी पंचेचाळीस करा, पोरीच्या परीक्षेत कुठं घर शोधत फिरू. अक्का म्हणाल्या करा की. मग मशीन निघालं, खोबरेल निघालं, आणि अंगठा याही वेळी चौथ्यांदाच लागला.